माई, कळलं ते अजून आलेलं नाही

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि तुझे डोळे भरतात, म्हणून लिहितोय. काल सेकंड शिफ्ट संपवून घरी आलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. तू टेबलावरच डोकं टेकून झोपली होतीस. कानात इअरफोन, मोबाईल तापलेला, आणि पडद्यावर सर अजून शिकवत होते. तुला उठवून आत पाठवलं आणि तुझी गणिताची वही घेऊन बसलो. न विचारता बघितली, राग मानू नकोस.

युनिट टेस्टचे २५ पैकी ९ मार्क तू आईला सांगितलेस, मला नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तिला तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "सर शिकवतात तेव्हा सगळं कळतं, पेपरात येत नाही." पोरी, दुखणं कुठं आहे ते तू स्वतःच सांगितलंस. कळणं वेगळं आणि येणं वेगळं. ऑनलाईन क्लासमध्ये कळतं फार लवकर, आणि कळलं की आलं असं वाटून माणूस पुढचा व्हिडिओ लावतो.

तुझी वही बघून मला हेच दिसलं. पंधरा-सोळा पानं देखणी आहेत. सरांची ओळ न ओळ उतरवलेली, उत्तराला चौकट, कुठं खाडाखोड नाही. आणि शेवटच्या पानावर घरी सोडवायला दिलेलं इंटिग्रेशन, छेदात क्ष² − ५क्ष + ६ असलेलं. चार ओळी, मग पेन्सिलीनं काट, मग "समजले नाही".

माझं गणित दहावी आणि आयटीआयपुरतं. इंटिग्रेशन मला येत नाही. पण तुझ्या पहिल्याच ओळीवर मी थांबलो. तू अवयव लिहिलेत (क्ष − २)(क्ष + ३). आता हे परत गुणून बघ. क्ष² + क्ष − ६ येतं. हवे होते (क्ष − २)(क्ष − ३). म्हणजे इंटिग्रेशनपर्यंत तू पोचलीच नव्हतीस, आठवीतल्या अवयवांनी तुला दारातच अडवलं. आणि तुला वाटलं की बारावीचं गणितच आपल्याला झेपत नाही.

तुझी आठवी कशी गेली ते मला ठाऊक आहे. २०२१ चा जुलै. शाळा मोबाईलवर, घरात मोबाईल एक आणि शिकणारे दोघं. त्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि आपण भांडीकुंडी वर टाकून आत्याकडं गेलो. त्या वर्षीचं जे राहिलं ते राहिलंच. दोष तुझा नाही, पण राहिलेलं भरून काढायला लागेल. रोज दहा वर्गत्रिपदींचे, म्हणजे क्ष² − ५क्ष + ६ सारख्या राशींचे, अवयव पाड आणि प्रत्येक उत्तर परत गुणून बघ. आठवडाभरात हात बसेल. आठवीचं पुस्तक काढायला लाज कसली?

आता माझी एक गोष्ट सांगतो, कधी सांगितली नव्हती. आयटीआय करून मी उद्यमनगरात एका वर्कशॉपला लागलो. तीन आठवडे मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून लेथवर, म्हणजे जॉब फिरवत कापायच्या मशीनवर, टेपर कसा मारतात, म्हणजे शाफ्ट एका टोकाकडं निमुळता कसा करतात, ते बघितलं. सगळं पाठ झालं होतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी मशीन माझ्या हाती दिलं. जॉब साधा होता. मोठा व्यास ५०, लहान ४०, टेपरची लांबी ६० मिलिमीटर. मी ५० मधून ४० वजा केले, १० ला ६० नं भागलं, तक्त्यात टॅनचा कोन बघितला, साडेनऊ अंशांच्या आसपास आला. टूल धरणारी स्लाईड तेवढ्या कोनात फिरवून कापत गेलो. लांबी ६० भरली तेव्हा टोकाला व्हर्निअर लावून व्यास मोजला. ४० च्या जागी ३०. अख्खा तुकडा भंगारात.

मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी खडूनं फरशीवर शाफ्ट काढला आणि विचारलं, "टूल किती बाजूंनी कापतंय?" एकाच बाजूनं. व्यासातला १० चा फरक मात्र दोन्ही बाजूंचा मिळून असतो. एका बाजूला येतात ५. पाच भागिले साठ, कोन पावणेपाच अंश. सूत्रात खाली लांबीची दुप्पट का असते ते मला त्या फरशीवर समजलं. सूत्र तर मी रोज बघत होतो. तो दोन माझ्या हातून कधी लिहिला गेलाच नव्हता.

तुझ्याकडं एक सोय आहे जी माझ्याकडं नव्हती. मिस्त्रींना थांबवून "परत दाखवा" म्हणायची माझी छाती नव्हती. तुझे सर बोटाच्या एका टेकीनं थांबतात. मग थांबव की! सरांनी गणित फळ्यावर लिहिलं, की व्हिडिओ तिथंच थांबव आणि मोबाईल पालथा ठेव. दहा मिनिटं स्वतः झुंज. आलं तर आलं. नाही आलं तर जिथं अडकलीस ती ओळ गोल कर आणि मग पुढं बघ. त्या एका ओळीसाठी तू सरांकडं बघशील, तेव्हा ते जे सांगतील ते डोक्यात बसेल. दुप्पट वेगानं व्हिडिओ पळवणं मात्र आजपासून बंद कर. तुझ्या मैत्रिणी एका रात्रीत तीन लेक्चर संपवत असतील, संपवू देत.

लाईव्ह क्लास असेल तेव्हा थांबवता येत नाही, तेव्हा फक्त पायऱ्या लिहून घे. मग जेवण झाल्यावर वही मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर सोडव. स्क्रीनशॉट काढून ठेवलेलं गणित परत कुणी बघत नाही, आमच्या ग्रुपवरच्या ड्रॉइंगच्या फोटोंचंही तेच होतं.

शंका विचारायला तू लाजतेस. सगळे "येस सर" लिहितात म्हणून तूही लिहितेस. "सर, समजलं नाही" एवढंच लिहिलंस तर सर तरी काय सांगणार? स्वतः सोडवलेल्या पानाचा फोटो पाठव, अडलेल्या ओळीवर खूण करून. तुझी (क्ष + ३) वाली ओळ दिसली असती तर सरांनी अर्ध्या मिनिटात चूक सांगितली असती. चुकीचं पान दाखवायला जड जातं, मला माहीत आहे. मीही तो ३० चा तुकडा हातात घेऊन मिस्त्रींपुढं उभा राहिलो होतो.

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तीही कॉम्प्युटरवर असते, प्रश्न पडद्यावर आणि कच्चं काम कागदावर. पडद्यावरचं वजाचं चिन्ह कागदावर उतरवताना अधिक होतं, हे तुझ्या वहीत मला दोन ठिकाणी दिसलं. म्हणून आत्तापासूनच उजव्या हाताला कच्ची वही ठेव आणि प्रश्न उतरवला की एकदा बोट ठेवून पडताळ. वेग आपोआप येईल, त्याची घाई नको.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो हे मला कळतं. दादाला सांगितलंय, सात ते नऊ टीव्ही बंद. आईसुद्धा त्या वेळेत तुला हाक मारणार नाही. फीचा विचार तू करायचा नाहीस, तो माझा आहे.

वहीच्या मागच्या पानावर मी दहा वर्गत्रिपदी लिहून ठेवल्यात. उत्तरं लिहिलेली नाहीत. उद्याही माझी सेकंड शिफ्टच आहे, माझ्यासाठी जागी राहू नकोस. अवयव पाडून झाले की वही टेबलावर उघडी ठेव आणि आत जाऊन झोप. चुकलेलं खोडरबरानं पुसू नकोस, नुसती एक रेघ मार. आलो की बघतो.

तुझे,
पप्पा