क्षमेची किंमत कोण भरतो?

महोदय,

गुड फ्रायडेच्या निमित्ताने आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने दोन प्रश्न विचारले होते. पाप माणसाने करायचे आणि त्यापायी देवाने स्वतःच्या निरपराध पुत्राचा, येशूचा, क्रुसावर बळी घ्यायचा, ही कसली क्षमा? आणि धर्मगुरूंपाशी पापांची कबुली दिली की पाटी कोरी होते, तर हा सौदा फारच स्वस्त नाही का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ठाण्यातील एक मराठी ख्रिस्ती या नात्याने त्यांचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात वाचली, तर तिथे 'ऋण' हा शब्द भेटतो : आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तसे तू आमचे ऋण सोड. हा शब्द मला घरातच कळला. माझे वडील एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. तो गृहस्थ गाव सोडून गेला आणि साडेचार वर्षे हप्ते वडिलांच्या पगारातून कापले गेले. आई प्रत्येक हप्ता एका जुन्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवत असे. पुढे बऱ्याच वर्षांनी, उपवासकाळातल्या एका संध्याकाळी, तो आमच्या माजिवड्याच्या घरी आला आणि दारातच हात जोडून उभा राहिला. वडील एवढेच म्हणाले, "ते मिटलं. आत ये." मिटले होते हे खरे, पण आपोआप मिटले नव्हते, वहीतला एकेक आकडा आमच्या घराने भरला होता.

ख्रिस्ती श्रद्धेत क्रुसाचा अर्थ असाच आहे. रागावलेल्या देवाला शांत करण्यासाठी कुणा तिऱ्हाइताला मारले, असे आम्ही मानत नाही. येशूच्या रूपाने देव स्वतः माणूस झाला, म्हणजे ज्याचा अपराध झाला त्यानेच नुकसान सोसले, अशी ही श्रद्धा आहे. यहुदी परंपरेत यरुशलेमच्या मंदिरात पशुबली दिले जात. पण त्याच परंपरेतील होशेय संदेष्ट्याने देवाला यज्ञ नको, दया हवी असे बजावले होते आणि येशूने त्या वचनाची आठवण करून दिली. तो वेदीपुढे आलेल्यालाही सांगतो, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर आणि मग ये. बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार क्रुसावरचे बलिदान एकदाच, सर्वांसाठी झाले. त्यामुळे आमच्या वेदीवर पशू येत नाही, भाकर आणि द्राक्षारस येतो. गुड फ्रायडेला तर मिस्साही, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची ती उपासनाही, नसते. वेदी रिकामी, उघडीबोडकी असते.

आता स्वस्त सौद्याविषयी. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाला खरा पश्चात्ताप लागतो, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय लागतो आणि चोरी केली असेल तर चोरलेले परतही करावे लागते. दहा हजार तालांतांचे ऋण माफ झालेला चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा त्याची माफी रद्द होते, ही येशूचीच गोष्ट आहे. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तर एक तालांत म्हणजे हजारो दिनार.

क्षमा केली म्हणून शिक्षा टळते, असेही नाही. 1995 मध्ये मध्य प्रदेशात सिस्टर राणी मरिया या कॅथलिक जोगिणीची चाकूने भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदर सिंह तुरुंगात शिक्षा भोगत असताना सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याला तिथे जाऊन भेटली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. त्या धाग्याचे मोल त्या बहिणीला किती पडले असेल, याचा अंदाज मला तरी करता येत नाही.

वडिलांचे ते सहकारी पुढे दर महिन्याला थोडे थोडे पैसे आणून देऊ लागले. वडिलांनी ते मागितले नव्हते. आईने ती रक्कम त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतली, या वेळी शाईच्या पेनाने.

आपला,
एक वाचक, माजिवडा, ठाणे