सायनसचे दुखणे विमान उतरताना सुरू होते

संपादक महोदय,

सर्दी असताना विमानाने जावे लागले की बहुतेक जण काळजी घेतात ती उड्डाणाच्या वेळी. गोळी चघळतात, कानात कापूस घालतात आणि विमान वर स्थिरावले की निर्धास्त झोपतात. खरा त्रास होतो तो विमान खाली येताना, आणि तोवर उपायाची वेळ टळलेली असते.

केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या इतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असेल तेवढाच, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश ठेवलेला असतो. कपाळ, गाल आणि डोळ्यांमागच्या हाडांत सायनसच्या हवेच्या पोकळ्या आहेत आणि त्या जेमतेम काही मिलिमीटरच्या वाटेने नाकात उघडतात. वर जाताना आतली हवा प्रसरण पावते आणि सुजलेल्या वाटेतूनही सहसा बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, हवेला आत शिरायचे असते, पण सुजलेले अस्तर झडपेसारखे त्या तोंडावर चिकटते. आत दाब कमी पडतो, अस्तर ओढले जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. भुवईच्या वर कळ मारते, कधी घोळणाही फुटतो. गालाच्या सायनसचे दुखणे वरच्या दाढांत जाणवते, त्यामुळे काही जण आधी दाताचा डॉक्टर गाठतात.

यावर ऑक्सिमेटाझोलिन (प्रौढांसाठी ०.०५ टक्के) किंवा झायलोमेटाझोलिन (०.१ टक्के) हे नाकातले फवारे उपयोगी पडतात. कळ सुरू झाल्यावर मारलेला फवारा सुजलेल्या नाकात वरपर्यंत पोचतच नाही. प्रवास दोन-तीन तासांचा असेल तर विमानात बसण्याआधी अर्धा तास मारावा, त्याचा असर उतरेपर्यंत टिकतो. लांबच्या प्रवासात तो उतरण्याच्या साधारण एक तास आधी मारावा, कारण विमान अर्धा तास आधीच खाली येऊ लागते. आधी नाक हलके शिंकरावे. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा, नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावे. एक फवारा मारून पाच-दहा मिनिटे थांबावे, मग दुसरा मारावा. पहिल्याने नाक मोकळे होते, म्हणून दुसरा आणखी वर जातो. जोराने आत ओढू नये, औषध सरळ घशात उतरते.

हे फवारे सलग तीन दिवसांहून अधिक वापरू नयेत. नाक त्यांना सरावते आणि बंद करताच आधीपेक्षा जास्त चोंदते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नयेत. नाक मोकळे करण्यासाठी पोटात घ्यायच्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्यांबाबत तर अधिकच जपावे. मुलांसाठी मात्रा वेगळी असते, मोठ्यांची बाटली त्यांच्या नाकात रिकामी करू नये. जुनी ॲलर्जी असेल तर स्टिरॉइडचा फवारा चांगला, पण त्याचा पूर्ण गुण यायला बरेच दिवस लागतात. आदल्या रात्री सुरू करून काही साधत नाही.

मेंथॉलच्या नळीने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, सूज मात्र तशीच राहते. आवंढा गिळणे किंवा नाक दाबून हलकी हवा सोडणे हे उपाय मुख्यतः कानाचे आहेत. दडे सुटतील, कपाळ सुटेलच असे नाही. आणि जोर लावलात तर नाकातला शेंबूड सायनसमध्ये ढकलला जाण्याची भीती. मद्याने नाकाचे अस्तर फुगते, शिवाय झोप लागते. केबिनची हवा अतिशय कोरडी, म्हणून घोटघोट पाणी पीत राहावे. निघण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतले तर चिकट शेंबूड निघून जातो: एक कप पाण्याला अर्धा लहान चमचा मीठ, आणि पाणी उकळून गार केलेलेच. नळाच्या कच्च्या पाण्यातून नाकात क्वचित, पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

ताप, चेहऱ्याच्या एकाच बाजूला ठणका आणि पिवळा-हिरवा शेंबूड असेल, किंवा नुकतीच सायनसची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारून प्रवास पुढे ढकललेला बरा. जमिनीवर असतानाच आवंढा गिळून कान उघडत नसतील, तर उतरताना काय होणार हे सांगायला नको.

सर्दी नसतानाही उतरताना एका डोळ्याभोवती तीव्र कळ येते आणि उतरल्यावर अर्ध्या तासात थांबते, असाही एक डोकेदुखीचा प्रकार आहे. तो सायनसचा आजार नव्हे, त्यासाठी अँटिबायोटिक घेऊ नये. मात्र उतरल्यानंतर डोळ्याभोवती सूज आली, नजर अंधुक झाली, मान आखडली किंवा नाक वीस मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आपला,
एक वाचक