मदत आली, पण कुणाच्या नावावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेटांवरच्या गरीब कुटुंबांना वादळानंतर मदत द्यायला पैसा कसा उभा करायचा, हा कालच्या अंकातला लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लेखकाचा अभ्यास आहे, ते मान्य. विमा, बाँड, जागतिक बँक सगळं आलंय. पण तो पैसा शेवटी घरातल्या बाईच्या हातात कसा पडतो यावर एक ओळ नाही, खरी अडचण तर तिथंच असते हो.

जमैकाचंच घ्या. ऑक्टोबर २०२५ च्या मेलिसा वादळानंतर त्यांच्या आपत्ती बाँडचे, म्हणजे ठरलेल्या जोराचं वादळ आलं की गुंतवणूकदारांचा पैसा सरकारला मिळतो त्या रोख्याचे, १५ कोटी डॉलर पूर्ण मिळाले हे खरं आहे. पण २०२४ मध्ये बेरिल आलं तेव्हा बाँडमधून काहीच निघालं नव्हतं, कारण हवेचा दाब ठरलेल्या आकड्याइतका खाली गेला नाही. ज्यांच्या घरावरचे पत्रे उडाले त्यांनी त्या दाबाचं काय करायचं? आणि मिळाले तरी ते पैसे सरकारच्या तिजोरीत जातात, तिथून पुढची वाट गरिबाला माहीत असते का.

पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटावर २०१७ च्या मारिया वादळानंतर तर पैसा फेमाकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती मदत खात्याकडे होता, तरी हजारो अर्ज परत गेले. का, तर घर तुमचंच आहे याचा कागद दाखवा. घरं आजोबापासून चालत आलेली, नोंद कुणी केलीच नव्हती. शेवटी २०२१ मध्ये फेमाने नियम बदलला, दुसरा कुठला पुरावा नसेल तर स्वतः लिहून दिलेलं चालेल म्हणून. चार वर्षं! तोवर लोक छपरावर ताडपत्री टाकून राहिले.

हे वाचताना मला माझी आक्काच दिसत होती. तिचं घर सीनेकाठी. गेल्या सप्टेंबरात म्हणजे २०२५ ला लांबोटीजवळ पाणी येऊन पुणे हायवे बंद पडला ते सगळ्यांच्या लक्षात असेल, त्याच पाण्यात तिचं घर गेलं. भिंती उभ्या राहिल्या पण आत गुडघाभर गाळ, ज्वारीच्या पोत्यांना कोंब फुटून घाण वास सुटलेला, आणि पेटीतले कागद भिजून त्यांचा गोळा झालेला. घरपट्टीच्या पावत्या एकमेकीला अशा चिकटल्या होत्या की सोडवायला गेलं की फाटायच्या, तरी तिने खाटेवर वाळत घातल्या. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं घर कुणाच्या नावावर. सासऱ्याच्या. ते कुठायत? वारले. मग वारस नोंद आणा. मृत्यूचा दाखला त्याच पेटीत होता ना! दिराची चूल वेगळी, तिची वेगळी, दाजी जाऊन किती वर्षं झाली, पण नोंद एकाच घराची झाली आणि पैसे दिराच्या खात्यावर आले. केंद्राच्या निकषात कपड्याला अडीच हजार आणि भांड्याकुंड्याला अडीच हजार कुटुंबामागे, एवढ्याशा रकमेसाठी तिने दिराच्या तोंडाकडे बघायचं का?

आता मला सांगा, हीच आक्का रेशन दुकानात मशीनवर अंगठा देते, तिचं कार्ड वेगळं आहे. संजय गांधी निराधारचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर येतात. म्हणजे ती कोण, कुठं राहते, किती गरीब आहे, खातं कुठलं, हे सगळं सरकारला आधीच माहितेय. पाणी आलं की मात्र ती अनोळखी होते.

फिजी बेटांचं उदाहरण खरं म्हणजे लेखात यायला पाहिजे होतं. तिथं फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळ आलं तेव्हा सरकारने गरीब कुटुंबांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या ज्या याद्या चालू होत्या त्याच वापरून त्या खात्यांवर जादा पैसे टाकले. ते आपल्याकडे का होत नाही? नदीकाठच्या ज्या गावात पाणी शिरलं त्या गावातल्या रेशनच्या आणि निराधारच्या यादीतल्या घरांना पहिला हप्ता लगेच टाका, पंचनामा मागाहून करा, घराच्या मोठ्या रकमेसाठी पाहिजे तितके कागद तपासा. यादीत नाव नसलेले राहतील त्यांच्यासाठी अर्ज घ्या आणि लिहून दिलेलं माना. एखाद्याला चुकून पाच हजार जास्त गेले तर जाऊ देत, पण खरी गरजू बाई दिवाळीपर्यंत ओल्या भिंतीत बसायला नको.

आणि एक राहिलं. पुराच्या वेळी आपल्या पेपरात किट वाटपाचे फोटो पानभर आले होते, नेत्यांचे चेहरे आणि समोर हात पुढे केलेल्या बाया. त्यातली एक आक्काची शेजारीण होती. तिच्या पोरीच्या सासरी तो फोटो फिरला आणि ती बाई आजही त्यावरून रडते. वाटपाची बातमी द्या, पण घेणाऱ्याचा चेहरा छापायच्या आधी तिला विचारत जा, एवढी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, होटगी रोड, सोलापूर