पर्यावरणाचे पॉडकास्ट नदीकाठी जाऊन करावेत

महोदय,

पर्यावरण शिक्षणासाठी पॉडकास्टचा वापर वाढावा, असे अलीकडे वारंवार सुचवले जाते. सूचना योग्यच आहे. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश देताना सर्वोच्च न्यायालयाने शालेय शिक्षणाबरोबर आकाशवाणी आणि दूरदर्शनचाही विचार केला होता. माझा आग्रह एवढाच, की असे पॉडकास्ट स्टुडिओत बसलेल्या दोन तज्ज्ञांच्या संभाषणावर न थांबता, जिथला प्रश्न तिथे जाऊन आणि तिथल्या माणसांना बोलते करून तयार व्हावेत.

आमच्या चिपळूणचेच पाहा. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने बाजारपेठ बुडवली. त्यानंतर अतिवृष्टी, पात्रात साठलेला गाळ, पूररेषेतील बांधकामे, भरतीची वेळ आणि कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत येणारे पाणी अशा अनेक कारणांची चर्चा झाली. परंतु या कारणांचा एकमेकांशी संबंध काय, हे बातमीच्या चौकटीत मावणारे नाही. अर्ध्या तासाच्या भागात मात्र पूर्वी होडी कुठवर जात असे आणि आता ती कुठे रुतते हे एखादा भोई सांगू शकेल, आणि गाळामुळे पात्राची वहनक्षमता कशी घटते हे जलशास्त्राचा अभ्यासक त्याच ठिकाणी उभा राहून समजावू शकेल. अनुभव आणि शास्त्र असे शेजारी ऐकायला मिळाले, तर श्रोता अफवेवर विसंबणार नाही.

काही गोष्टी तर कानांनीच शिकायच्या असतात. पावशा हा पक्षी दिसायला शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, त्यामुळे चित्रावरून तो पटकन ओळखता येत नाही; पण पावसाच्या तोंडावर चढत जाणारी त्याची ‘पेरते व्हा’ ही साद मुलांना नीट ऐकवली, तर पुढे दाट झाडीतूनही ती त्यांना ओळखू येते. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडी घालते, हे त्यानंतर सांगितले की मुलांना सातभाईचा कलकलाटही ऐकायचा असतो. शिक्षिका म्हणून ही उत्सुकता मी वर्गात पाहिली आहे.

वीस मिनिटांचा भाग साध्या ध्वनिदर्जात जेमतेम दहा एमबीचा होतो आणि व्हॉट्सॲपवरून सहज पाठवता येतो. काजूगर सोलणाऱ्या किंवा जाळी विणणाऱ्या व्यक्तीला काम न थांबवता तो ऐकता येईल. अर्थात त्यातील प्रत्येक विधान प्रसारणापूर्वी जाणकाराकडून तपासून घेतले पाहिजे आणि चूक आढळल्यास पुढच्याच भागात दुरुस्ती दिली पाहिजे.

आपल्या दैनिकाचे वार्ताहर तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांच्या मदतीने अशी मराठी मालिका सुरू करावी, पहिला भाग येत्या पावसाळ्यापूर्वी वाशिष्ठीवर करावा आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक भागाची संहिता अंकात छापावी, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण