काकूंना पळवणाऱ्या पोरीस

प्रिय पोरी,

पत्रात माझं नाव घालू नका, असं तू फोनवर बजावलंस. नाही घातलं. तरी कॉलनीत सगळ्यांना कळणारच, आणि ते कळावं म्हणूनच हे पत्र आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाल्यापासून जो तो माझं अभिनंदन करतोय. भिशीच्या बायकांनी शाल दिली, कॉलनीच्या ग्रुपवर माझा मेडल घातलेला फोटो फिरतोय, आणि आमचे हे दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगतात, की एकवीस किलोमीटर, तेही घाटात! या सगळ्यात तुझं नाव कुठंच नाही. फोनवर आभार मानायला गेले की तू "असू द्या हो काकू" म्हणतेस आणि विषय पोलीस लाइनीतल्या पाण्यावर नेतेस. म्हणून आज चारचौघांत बोलते.

तू मला मुख्यतः हळू पळायला शिकवलंस. जोरात पळायला कुणीही शिकवतं.

तुम्हा पोलीस भरतीच्या पोरापोरींचा सराव मी आधी स्टेडियमच्या कठड्यावर बसून बघायचे. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. ५० गुणांचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, आणि त्यात सेकंदासेकंदाला मार्क कापले जाणार. त्यामुळे जो तो जीव तोडून पळायचा आणि राउंड संपला की गुडघ्यांवर हात टेकून वाकायचा. पळणं म्हणजे एवढंच असणार, आणि ते आपल्या वयाला काही झेपायचं नाही, अशी माझी खात्री होती. तू मात्र आठवड्यातले बरेचसे दिवस निवांत पळायचीस. कॉलेजात क्रॉसकंट्रीला होतीस, तिथली ती सवय. बरोबरची पोरं तुला हसायची, हे मी पाहिलंय. ग्राउंड कुणाचं निघालं आणि कुणाचं राहिलं तेही पाहिलंय, पण ते जाऊ दे.

माझी पहिली चाचणी तू घेतलीस ती भाजीची. शेजारी पळता पळता विचारलंस, "काकू, काल भाजी काय केली?" आणि उत्तर पूर्ण वाक्यात पाहिजे म्हणालीस. मी "वां..." म्हटलं आणि "गं" यायच्या आत दम संपला. "चाला आता." दम खाली आला की पुन्हा पळायचं, पुन्हा भाजी. भाजी, आमटी, कोशिंबीर आणि ती कुणी खाल्ली नाही याची तक्रार एका दमात सांगून होऊ लागली, तेव्हा कुठं तू चालण्याचा भाग कमी केलास. हातात घड्याळ नाही, छातीला ठोके मोजायचा पट्टा नाही. पुढं पुण्याच्या एका धावपटूकडून कळलं, की मोठमोठे प्रशिक्षकही हीच कसोटी लावतात. बोलता येतंय तोवर शरीर मुख्यतः प्राणवायूच्या जोरावर चाललेलं असतं, आणि लांबचं अंतर कापायची ताकद त्याच चालीत तयार होते. भाजीचं मात्र त्याला माहीत नव्हतं.

थोड्याच दिवसांत माझा दम वाढला आणि मला चेव आला. आज एक राउंड जास्त मारू, उद्या दोन. तेव्हा तू म्हणालीस, "दम आधी वाढतो, हाडं मागनं येत्यात." हे वाक्य मी हल्ली सगळ्यांना ऐकवते. श्वास काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या आणि खुद्द हाडं त्या भाराला सरावायला महिने घेतात. त्या मधल्या काळातच माणूस फसतो. नडगी दुखायला लागते, टाच धरते, आणि मग 'पळण्यानं गुडघे जातात' असं लोक सांगत सुटतात. तू आठवड्याचं अंतर अगदी चिमटी चिमटीनं वाढवायचीस आणि दर चौथ्या आठवड्याला पुन्हा कमी करायचीस. मला तो आठवडा फुकट गेल्यासारखा वाटायचा. तू म्हणायचीस, अंग त्याच आठवड्यात घडतं.

तुझ्या खोलीत ललिता बाबरचं चित्र लावलेलं होतं, ते आता तिकडं नेलंस का? आपल्या जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. तू यातून तुझा अर्थ काढला होतास: आधी लांबचं पळली, म्हणून जवळचं जमलं. शास्त्र म्हणून ते कितपत धरायचं हे जाणकारांनी बघावं. मला एवढंच दिसलं, की तुला ते खरं वाटत होतं आणि तू त्याप्रमाणे रोज पहाटे उठत होतीस.

आता जे चारचौघांत बोलत नाहीत तेही बोलते, कारण हे पत्र बायका वाचणार आहेत.

एक म्हणजे रक्त. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते असं मी सहज बोलून गेले, तर तू पळणंच थांबवलंस. आधी हिमोग्लोबिन करून या, मग बघू. बाईचं १२च्या आत नसावं, माझं १०लाही टेकत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला 'वय झालं' म्हणत आले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तू जेवणावरचा चहा बंद केलास, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पोह्यांवर लिंबू, आठवड्यातून काही वेळा अळिवाची खीर, चहा जेवणाच्या तासभर अलीकडे नाहीतर पलीकडे. चहाचं दुःख मला घाटापेक्षा जास्त झालं. पण रक्त सुधारलं तेव्हा मला कळलं, की मला दम लागत नव्हता, मला हवाच पुरत नव्हती.

दुसरं कपड्यांचं. पंजाबी ड्रेसवर पळत होते तोवर तू काही बोलली नाहीस. मग एक दिवस मला दुकानात नेलंस आणि काउंटरवरच्या मुलाला न लाजता सांगितलंस, "काकूंना स्पोर्ट्स ब्रा दाखवा, पळायची आहे." मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. त्या एका वस्तूनं माझी पाठदुखी निम्मी केली, हे कुठल्याही डॉक्टरनं मला सांगितलं नव्हतं. बूट घेताना संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवून घेतले. स्टेडियमवरचे एक आजोबा म्हणाले, कशाला हे हजारोंचे बूट? पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना बघितली, म्हणूनच १९२०ला आपला संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला, आणि बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले! आजोबांची माहिती पक्की होती. तू हात जोडून म्हणालीस, "आजोबा, ते लहानपणापासनं शेतात पळायचे. काकू पंचेचाळीस वर्षं फरशीवर चपला घालून फिरल्यात." आजोबा हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बुटांची किंमत विचारायला आले.

अंधारात पळण्याच्या तुझ्या सूचना तर मी स्वयंपाकघरात लिहून लावल्यात. समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं पळायचं. कुत्री दिसली की पळायचं थांबवून चालायला लागायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. कानात गाणी नाहीत. घरातून निघताना कुठल्या रस्त्यानं जाणार ते सांगून निघायचं. आमचे हे तेव्हा झोपेत "हूं" म्हणायचे. तेवढ्यावर भागायचं.

आणि घाट. बोगद्याच्या बाजूनं अजिंक्यताऱ्याखालून कितीदा पळालो तरी यवतेश्वरचा घाट तो घाट. चढाची मला भीती होती, तू चढाबद्दल फारसं बोलतच नव्हतीस. पावलं बारीक टाका, मान वर करून वळणं मोजू नका, दम तुटला तर खुशाल चाला, झालं. तुझा सगळा जीव उतारावर. या शर्यतीत अर्धी वाट घाट आणि कासचा रस्ता चढायचा, आणि तिथून वळून तीच वाट उतरायची. लोक चढाची तयारी करून येतात आणि उतारावर मोडतात. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, आणि त्यानं तो आतून उसवतो. दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. तू मला आधी घाट चालत चढवलास आणि फक्त उतार पळवलास. टाच पुढं रोवून ब्रेक लावायचा नाही, पावलं आखूड आणि भरभर, अंग घोट्यातून किंचित पुढं. दुसऱ्या दिवशी मी कमोडवर बसताना भिंत धरत होते. काही आठवड्यांनी तोच उतार पुन्हा पळवलास, तर दुखणं नावापुरतं. मांडीला एकदा ओळख करून दिली की ती लक्षात ठेवते म्हणालीस. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र घाटाचं नाव काढू दिलं नाहीस. अंतर निम्म्यावर आणलंस. मी घरात चिडचिड करत फिरत होते आणि आमच्या घरच्यांनी तुला फोन करून विचारलं, की हिला परत पळायला लावता येईल का.

सगळ्याबद्दल लिहीत बसले तर पत्र संपायचं नाही. साताऱ्याच्या श्रावणात भिजलेल्या बुटांत रद्दी कोंबून ठेवायची. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन. आदल्या रात्री साधा वरणभात, सकाळी केळं आणि दोन खजूर. शर्यतीच्या दिवशी नवं काही म्हणजे काहीच अंगावर किंवा पोटात घालायचं नाही. आणि तहान नसताना भीतीपोटी पाणी ढोसायचं नाही, कारण नुसत्या पाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस तहानेपेक्षा वाईट पद्धतीनं आडवा होऊ शकतो. हे सगळं तू फुकट दिलंस. बदल्यात मी काय केलं? तुझ्या ८००चं टायमिंग लावलं आणि लेखीच्या आधी जिल्ह्यातल्या धरणांची नावं विचारली. त्यावर तू "फिटलं की आपलं" म्हणतेस. तुझा हिशेब तुझ्यापाशी ठेव.

शर्यतीच्या दिवशी तू नव्हतीस. बंदोबस्ताच्या दिवसांत तुला रजा कुठली? म्हणून थोडक्यात कळवते. सुटल्या सुटल्या सगळं गाव मला मागं टाकून गेलं, आणि मी तुझ्या सांगण्याप्रमाणे जाऊ दिलं. घाटाच्या निम्म्यावर एक पुण्याची मुलगी धापा टाकत, रडवेली होऊन शेजारून चालली होती. मी विचारलं, "बाळा, काल भाजी काय खाल्लीस?" ती म्हणाली, "मॅगी." दोघी हसलो आणि मग वरपर्यंत बरोबर गेलो. धुकं इतकं होतं, की वळायची जागा ढोलाच्या आवाजावरून कळली. उतारावर मात्र मी तिला सोडलं. मांड्या धरून उभी राहिलेली चांगली तगडी पोरं मी ओलांडत आले, आणि प्रत्येकाला ओलांडताना मला जो आनंद झाला तो काही फार सभ्य नव्हता. वेळ किती लागला ते इथं लिहीत नाही. मेडल मिळालं एवढं पुरे. तुला फोनवर सांगितलाच आहे, आणि त्यावर तुझं "पुढच्या वर्षी दहा मिनिटं कमी" हेही ऐकून घेतलंय.

कॉलनीतल्या तिघीजणी आता माझ्याबरोबर पहाटे येतात. एकीची नडगी दुखायला लागली होती, तिला बसवून ठेवलंय. दुसरीला मी रक्त तपासायला पाठवलं. तिसरी मला न सांगता जोरात पळते. तिचं काय करायचं ते कळव.

तुझ्या आईला भेटून आले. त्या म्हणाल्या, पोरगी घरी आली की नुसती झोपते. झोपू दे म्हटलं, रात्रपाळ्या करून येते.

या शर्यतीची नोंदणी उघडली की जागा भराभर संपतात, त्यामुळे या वेळी मी तुला विचारत बसणार नाही, माझ्या नावाबरोबर तुझंही घालणार आहे. पैसे मी भरणार, त्यावर वाद नको. रजेचा अर्ज आत्तापासून टाकून ठेव आणि टी-शर्टचा साइज कळव. ट्रेनिंगनंतर तुझे खांदे रुंद झालेत म्हणे.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरची काकू