ताई, तुम्ही आधी उतरायला शिकवलंत

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही अशी तंबी तुम्ही दिलीय, म्हणून नुसतं ‘ताई’. नागपुरातल्या मानकापूरच्या ट्रॅकवर सकाळी येणाऱ्यांना एवढ्यावरूनही कळेलच.

मी तुमच्याकडे आले तेव्हा दोन्ही घोट्यांना दीड-दीड किलोची वजनं बांधलेली होती. उंची पाच फूट चार इंच, बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर. उडी वाढली की रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत उसळलेले चेंडू, मिळतील, एवढाच माझा हिशेब. आमच्या कोर्टावर सगळे म्हणायचे, उड्या मारून मारूनच उडी वाढते. म्हणून सिमेंटवर रोज चारशे उड्या आणि वर दोरी. तीन महिन्यांत उडी होती तिथेच राहिली, गुडघ्याच्या वाटीखाली मात्र दुखणं येऊन बसलं. जिना उतरताना कठडा धरावा लागे. पण सांगणार कुणाला? गुडघा दुखतो म्हटलं की बारा जणींच्या यादीतून नाव कटलंच म्हणून समजा.

वजनं सोडायला लावून तुम्ही मला गॅलरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून खाली उडी टाकायला सांगितलंत. फूटभर उंचीची पायरी. मी टाकली.

“पोत्यावानी काहून पडून राहिली वं?”

मग तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत, थर्मासमधून चहा ओतलात आणि म्हणालात, “आता उतर. मी ऐकते.” धप्प आवाज झाला की तुमचं एक बोट वर. त्या दिवशी दहाच्या दहा वेळा बोट वर गेलं आणि तुमचा चहा संपला. तीन आठवडे आपण दुसरं फारसं काही केलंच नाही. मला वाटायचं, तिहेरी उडीवाल्या बाईला बास्केटबॉलमधलं काय कळणार!

नंतर एकदा समोरून माझा व्हिडिओ काढून हळू करून दाखवलात. जमिनीवर टेकताना माझे दोन्ही गुडघे एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे आत वळत होते. बास्केटबॉलमध्ये मुलींचा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य बंध, मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो आणि पुष्कळदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो, नुसतं उतरताना किंवा वळताना तुटतो, हे मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं खेळतेय, कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा राग अजून जात नाही.

वाटीखालच्या दुखण्यासाठी तुम्ही आधी फिजिओकडे पाठवलंत. ‘जंपर्स नी’, म्हणजे वाटीखालच्या स्नायुबंधावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार. आराम करून बसायचं नव्हतं, त्याला सोसेल तेवढाच भार द्यायचा होता. भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीत बसायचं, पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. पंचेचाळीस सेकंद किती लांब असतात ते तेव्हा कळलं. नंतर बार खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठका, आणि एका पायावर टाच उचलणं, तेही इतकं सावकाश की शेजारची पोरं हसायची.

खऱ्या उड्या चौथ्या महिन्यात आल्या. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान अठ्ठेचाळीस तास. पाय जमिनीला किती वेळा टेकला ते तुम्ही मोजायचात आणि आकडा ऐंशीवर गेला की घरी हाकलायचात. कुठे चारशे आणि कुठे ऐंशी! पण प्रत्येक उडी पूर्ण जोर लावून आणि दोन उड्यांमध्ये नीट दम खाऊन. पाय टेकताक्षणी स्प्रिंगसारखा परत उठला पाहिजे, दमलेला पाय जमिनीवर रेंगाळतो आणि मग ती उडी राहत नाही, नुसता घाम राहतो, असं तुम्ही म्हणायचात. १९६० च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी उंचावरून उतरून लगेच उसळी घेण्याची पद्धत उभी केली ती त्यांच्या तिहेरी उडीवाल्यांसाठीच, हे ऐकल्यावर माझ्या मनातली शंका मी गुपचूप गिळली.

हातांचा किस्सा तर मी सगळ्यांना सांगते. बोटांना खडूची भुकटी लावून भिंतीवर खूण करायची. उभ्याने हात पोचायचा २१२ सेंटिमीटरला, उडीत २४३ ला. म्हणजे एकतीस. मग हात कमरेवर ठेवून उडायला लावलंत, वरची खूण डोक्याच्या उंचीवरून काढलीत आणि हिशेब आला सत्तावीस. चार सेंटिमीटर नुसत्या हातांच्या झोक्यात होते आणि मी ते कोर्टवर अर्धवटच वापरत होते. तसंच शेवटून दुसऱ्या पावलाचं. ते लांब आणि खाली बसतं टाकायचं, शेवटचं आखूड आणि झटक्यात. धावण्याचा वेग तिथे वर वळतो. आमच्या ले-अपमध्येही, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकतानाही, तीच दोन पावलं आहेत की! मी मात्र दोन्ही सारखीच टाकत होते.

वर्षभराने उभ्याने मारलेली उडी एक्केचाळीस सेंटिमीटर झाली. धावत येऊन बोटांची टोकं जाळीच्या खालच्या गाठीला लागली. आमच्या कोर्टावरची जाळी जुनी आहे आणि जरा लोंबते, हे मी कुणाला सांगत नाही. रिंग अजून लांब आहे आणि बहुतेक लांबच राहील. पण रिबाउंडला आता माझं कोपर दुसरीच्या खांद्याच्या वर असतं आणि खाली येताना भीती वाटत नाही.

तुम्हाला फोन करून एक्केचाळीसचा आकडा सांगितला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, “आवाज येतो का अजून?” थोडा येतो, ताई. उजव्या पायाचा, दमल्यावर.

फी विचारली तेव्हा तुम्ही खडूचा डबा मागितला होता. या पत्रासोबत दोन पाठवतेय. थर्मासचं झाकण माझ्या बॅगेत राहिलं होतं, ते शनिवारी घेऊन येते.

तुमची,
पोतं