अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये परत आणा, आणि आधी महिलांची आणा

मा. कर्स्टी कॉव्हेंट्री,
अध्यक्ष, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती

महोदया, स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगते. 2032 च्या ब्रिस्बेन ऑलिंपिकमध्ये महिलांची 200 मीटर अडथळ्यांची पोहण्याची शर्यत घ्यावी.

हा काही नवा खेळ नाही. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेन नदीत ही शर्यत झाली होती. आधी खांबावर चढून उतरायचे, मग होड्यांच्या एका रांगेवरून पलीकडे जायचे आणि दुसऱ्या रांगेच्या खालून पोहायचे. ऑस्ट्रेलियाचा फ्रेडरिक लेन 2 मिनिटे 38.4 सेकंदांत जिंकला. पुढे ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा झालीच नाही. बायकांना पोहण्याच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला तो 1912 मध्ये, स्टॉकहोमला. म्हणजे दार उघडले तेव्हा ही शर्यत केव्हाच बंद झाली होती. (1500 मीटर फ्रीस्टाइल पुरुषांना 1908 पासून, महिलांना थेट 2020 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये. तुमच्या संस्थेला उशिराची सवय आहे, एवढेच म्हणते.)

लाइफसेव्हिंगने, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवण्याच्या कौशल्यांच्या खेळाने, मात्र ती सोडली नाही. 1985 पासून हा खेळ वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत) आहे आणि आंतरराष्ट्रीय लाइफसेव्हिंग महासंघाला तुमच्याच समितीची मान्यता आहे. आता होड्या नाहीत. 50 मीटरच्या तलावात सगळ्या लेनना आडवे दोन अडथळे लावतात, दोन्ही भिंतींपासून साडेबारा मीटरवर. पाण्याखाली ते 70 सेंटिमीटरपर्यंत जातात. 200 मीटरमध्ये त्यांच्या खालून आठ वेळा जायचे आणि दर वेळी पलीकडे डोके पाण्याबाहेर काढायचे. अडथळ्याला धडकलात तर चालते. वरून गेलात तर लगेच मागे येऊन खालून जावे लागते, नाहीतर बाद.

कागदावर हे सोपे वाटते. पण फ्रीस्टाइल म्हणजे लय, आणि इथे दर 25 मीटरला ती लय मुद्दाम मोडलेली असते. बुडी लवकर मारली तर वेग जातो, उशिरा मारली तर खांदा अडथळ्यावर आपटतो. खोल गेले तर वर यायला वेळ लागतो आणि श्वास नेमका हवा तेव्हा मिळत नाही. वर येताना तळाला पाय मारून उसळी घ्यायला नियमाची परवानगी आहे, म्हणून उथळ तलावात ही एक शर्यत असते आणि तीन मीटर खोल तलावात दुसरीच. शेवटच्या 50 मीटरमध्ये दम संपत आलेला असताना आणखी दोनदा खाली जायचे असते. माझ्या मते या शर्यतीचा खरा निकाल तिथेच लागतो.

हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. अथेन्स आणि बीजिंगमध्ये 200 मीटर बॅकस्ट्रोकचे सुवर्ण तुमचे आहे. बॅकस्ट्रोकमध्ये सुरुवातीला आणि वळणावर 15 मीटरच्या पुढे पाण्याखाली राहता येत नाही, इथे पाण्याखाली जाण्याचीच सक्ती आहे.

कार्यक्रमात जागा नाही, हे उत्तर येईलच. पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पोहण्यात 50 मीटरच्या सहा नव्या शर्यती बसल्या. मॉडर्न पेंटाथलॉन या पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेतून घोडेस्वारी काढून तिच्या जागी अडथळ्यांचीच शर्यत आली, जमिनीवरची. इथे तर तलाव तोच, घड्याळ तेच, पंचांची व्यवस्थाही बरीचशी तीच. खेळाडूंची संख्या वाढू नये म्हणून पात्र ठरलेल्या पोहणाऱ्या मुलींनाच उतरवण्याचा मोह होईल. तो कृपया टाळा. ज्यांनी ही शर्यत इतकी वर्षे जपली त्या लाइफसेव्हर मुलींसाठी निदान अर्ध्या जागा राखून ठेवा.

बुडालेल्या माणसाच्या जागी ठेवलेला पुतळा ओढून आणण्याच्या किंवा पायांना फिन्स (रबरी पंख) लावून पोहण्याच्या शर्यती लाइफसेव्हिंगच्या जास्त जवळच्या आहेत, हे मान्य. तरी पहिल्यांदा पाहणाऱ्याला काही न सांगता कळते ती हीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. एका शर्यतीने हा आकडा खाली येईल असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याला वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या खेळातला एकही प्रकार ऑलिंपिकच्या तलावात नाही, हे खटकते.

ब्रिस्बेन ज्या देशात आहे तिथे समुद्रकिनाऱ्यावरचे लाइफसेव्हिंग क्लब शंभरहून अधिक वर्षे चालत आले आहेत आणि यजमानांना आपले खेळ सुचवण्याची संधी टोकियोपासून मिळत आली आहे. त्यांनी विचारले तर हो म्हणा. त्यांनी विचारले नाही तर तुम्ही विचारा. आणि एकाच पदकाची सोय होत असेल, तर या वेळी पुरुषांना थांबू द्या.

कळावे,
पोहण्याच्या शर्यती आवडीने पाहणारी एक वाचक